चूक भूल द्यावी घ्यावी, वर पाचवा हिस्सा

मंडळी, या आठवड्याचा पाठ 'वायिक्रा'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वर्षभरात एकदा पूर्ण वाचून व्हावीत म्हणून त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. एका भागाला 'पराशा' म्हणतात आणि दर शब्बातला, म्हणजे शनिवारी सकाळी, त्या आठवड्याची पराशा सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचतात. (वर्षात तेवढे शनिवार मोकळे मिळत नाहीत, मग काही पराशांच्या जोड्या लावतात.)

'वायिक्रा'पासून तिसरं पुस्तक सुरू होतं. ख्रिस्ती मंडळींच्या मराठी बायबलात त्याचं नाव 'लेवीय'. खरं सांगायचं तर हे पुस्तक सुरू झालं की मागच्या बाकांवरचे लोक पेंगायला लागतात. पहिल्या पुस्तकात गोष्टी असतात, भावाभावांची भांडणं असतात, दुसऱ्यात समुद्र दुभंगतो. आणि मग एकदम हे! बैल कुठे कापायचा, चरबी कुठली जाळायची, मूत्रपिंडांचं काय करायचं, रक्त वेदीच्या कुठल्या बाजूला शिंपडायचं. एखाद्या यंत्राचं मॅन्युअल वाचतोय असं वाटतं. आणि ते यंत्रही इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं तेव्हापासून बंद आहे.

मॅन्युअलं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम असल्यामुळे असेल, पण मला हे पुस्तक आवडतं. मॅन्युअल लिहिणारा माणूस उपदेश करत नाही. काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर कोणी काय करायचं, एवढंच तो सांगतो. पाप आणि क्षमा या विषयावर इतक्या कोरडेपणाने लिहिलेलं दुसरं काही माझ्या तरी वाचनात नाही.

आधी शब्दांचं बघू. 'पाप' हा मराठी शब्द इथे फार जड होतो. हिब्रूत निदान तीन शब्द आहेत. 'हेत' म्हणजे नकळत झालेली चूक. 'आवोन' म्हणजे जाणूनबुजून केलेलं वाईट काम. आणि 'पेशा' म्हणजे सरळ बंड, तुझा नियम मला मान्यच नाही असं म्हणून केलेलं. (गंमत बघा, मराठीत 'हेत' म्हणजे मनातली इच्छा आणि हिब्रूतला 'हेत' मनात नसताना होतो. आणि आपल्याकडे 'पेशा' म्हणजे धंदा. काही लोकांच्या बाबतीत दोन्ही भाषांतला अर्थ एकच पडतो म्हणा! :) ) 'हेत'चं मूळ नेम चुकण्यात आहे. शास्त्यांच्या पुस्तकात बिन्यामीन वंशातले ७०० डावखुरे गोफणवाले येतात, केसावर दगड मारला तरी ज्यांचा नेम चुकत नसे. तिथलं 'चुकणं' आणि हे 'हेत' एकाच धातूतून आलेले.

पराशेच्या चौथ्या अध्यायात या नेम चुकण्याची यादी आहे आणि ती वरून खाली येते. प्रमुख याजक चुकला तर बैल. सगळा समाज चुकला तर बैल. राज्यकर्ता चुकला तर बोकड. साधा माणूस चुकला तर शेळी किंवा मेंढी. पाचव्या अध्यायात आणखी खाली उतरतात. मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्लं, तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग पीठ, म्हणजे साधारण दोन-अडीच लिटरचं माप. म्हणजे गरीब म्हणून सूट नाही आणि गरीब म्हणून दार बंदही नाही.

राज्यकर्त्याच्या बाबतीत एक छोटी गोष्ट आहे. बाकी सगळीकडे मजकूर 'जर चुकला' असा आहे, राज्यकर्त्याकडे आलं की 'जर' जातो आणि 'जेव्हा' अशा अर्थाचा 'अशेर' हा शब्द येतो. अकराव्या शतकातला फ्रान्समधला टीकाकार राशी यावर जुना श्लेष सांगतो: अशेर, म्हणजे 'अश्रे', धन्य. ज्या पिढीचा राज्यकर्ता आपल्या नकळत झालेल्या चुकीसाठीही बोकड घेऊन उभा राहतो ती पिढी धन्य. माझ्या मते 'जर' गाळण्यात श्लेषापेक्षा जास्त व्यवहारज्ञान आहे. सत्तेत बसलेला माणूस चुकणार की नाही हा प्रश्नच नाही, कधी चुकणार एवढंच बाकी.

असो. मला ज्या भागाबद्दल लिहायचंय तो पराशेच्या अगदी शेवटी आहे. (हिब्रू पुस्तकात पाचव्या अध्यायाचा शेवट, ख्रिस्ती आवृत्तीत सहाव्याची सुरुवात. शोधायला जाल तर गोंधळ नको.) इथे नकळत वगैरे काही नाही. एकाने दुसऱ्याकडे ठेव ठेवली. दुसरा म्हणाला, कसली ठेव? किंवा लुबाडलं, मजुरी बुडवली, कुणाचं हरवलेलं सापडलं आणि नाही म्हणून सांगितलं. वर देवाची शपथ घेतली. प्रकरण मिटलं, साक्षीदार नाही, कागद नाही. आणि मग कधीतरी त्या माणसाला आतून टोचायला लागलं. आता त्याने काय करायचं?

क्रम असा. घेतलेली वस्तू परत द्यायची, जशीच्या तशी. वर पाचवा हिस्सा द्यायचा. आणि त्यानंतर मेंढा घेऊन देवाकडे जायचं. मिश्ना म्हणजे ज्यू कायद्याचं इ.स. २०० च्या आसपास संकलित झालेलं पुस्तक. त्यात हा क्रम अगदी पक्का करून टाकलाय: आधी पैसे परत केले आणि मग मेंढा आणला तर चालेल, आधी मेंढा आणला आणि मग पैसे दिले तर तो मेंढा धरला जाणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसरी स्टेप पहिलीच्या आउटपुटवर चालते. पहिली फेल असताना दुसरी चालवून बघितली तर एक मेंढा फुकट जातो, बाकी काही होत नाही.

मराठी दुकानदाराच्या बिलावर खाली बारीक अक्षरात 'चू. भू. द्या. घ्या.' छापलेलं असतं, ते आठवतं का? चूक भूल द्यावी घ्यावी. मला ते चार शब्द फार आवडतात, कारण त्यांत माफीचा शब्दच नाही. तुमचे दोन रुपये जास्त लागले असतील तर येऊन घेऊन जा, कमी लागले असतील तर देऊन जा. चूक ही देण्याघेण्याची गोष्ट. पराशा याच्याच आसपास बोलते, फक्त एक पाऊल पुढे जाते. बिलावरचा दुकानदार म्हणतो तुम्ही या. पराशा म्हणते तू जा.

किती लांब जायचं? मिश्ना म्हणते, एका पेरुटेची (सर्वात लहान तांब्याचं नाणं, आपला एक पैसा समजा) वस्तू लुबाडून खोटी शपथ घेतली असेल तर ती परत करायला त्या माणसाच्या मागे मेदी देशापर्यंत जावं लागलं तरी जायचं. मेदी म्हणजे आजच्या इराणचा वायव्य भाग. जेरुसलेमहून हजार मैलांच्या आसपास, तेही गाढवावरून. एका पैशासाठी! त्याच्या मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. आपल्या माणसाबरोबर पाठवून द्यायचं नाही. (न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे दिलं तर चालतं, म्हणजे व्यवहाराला अगदीच सोडलेलं नाही.) तो मेला असेल तर वारसांना द्यायचं.

आणि पाचवा हिस्सा म्हणजे नेमका किती, यावर तालमूदमध्ये दोन रब्बींचा वाद आहे. शंभर रुपये घेतले तर पाचवा हिस्सा शंभराचा, म्हणजे २०? की देऊन झाल्यावरच्या एकूण रकमेचा पाचवा, म्हणजे २५? रूढ झालं ते दुसरं मत, १२५ रुपये द्यायचे. हा वाद वाचून मला मनापासून बरं वाटलं. पश्चात्तापासारख्या हळव्या विषयात कोणीतरी टक्केवारीची व्याख्या विचारतंय. ज्या सिस्टिममध्ये ही व्याख्या लिहिलेली नसते तिथे प्रत्येक जण आपापल्या सोयीने आकडा धरतो, हे मी वेगळं सांगायला नको.

हा हिस्सा कुणाला लागतो हेही बघण्यासारखं आहे. साक्षीदारांनी पकडून दिलं तर दंडाचे नियम वेगळे. पाचवा हिस्सा आणि मेंढा आपणहून कबूल करणाऱ्याला. आता कुणी म्हणेल, हा उलटाच न्याय झाला, कबूल करणाऱ्यावर बोजा! तर तसं नाही. पकडल्या गेलेल्या चोराला दुप्पट भरावं लागतं. आपणहून येणाऱ्याला सव्वापट. स्वतःहून येण्यात सवलत आहे, पण फुकट नाही.

चोर आणि दरोडेखोर यांतला फरकही मजेदार आहे. उघड लुबाडणाऱ्याला दुप्पट भरावी लागत नाही, लपून चोरणाऱ्याला लागते. पहिल्या शतकातल्या योहानान बेन झक्काय यांना शिष्यांनी विचारलं, असं का? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: दरोडेखोर माणसांना घाबरत नाही आणि देवालाही घाबरत नाही, निदान दोघांना सारखं तरी वागवतो. चोर माणसांच्या नजरेला घाबरतो आणि वरचा डोळा नाहीच असं धरून चालतो. हे वाचलं की मला हमखास ऑफिसातले काही ई-मेल आठवतात, ज्यांत सीसी कुणाला करायचं आणि बीसीसी कुणाला याचा भरपूर विचार केलेला असतो.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता अडचणी.

तुळईची गोष्ट घ्या. एकाने दुसऱ्याची तुळई चोरली आणि आपल्या मोठ्या घराच्या बांधकामात बसवली. वर मजले चढले. आता त्याला पश्चात्ताप झाला. पराशा तर म्हणते घेतलेली वस्तूच परत दे. शम्मायच्या पंथाचं मत: सगळं घर पाड आणि तुळई काढून दे. हिल्लेलच्या पंथाचं मत: तुळईची किंमत दे, पुरे. नाहीतर घर पाडायच्या भीतीने कोणी पश्चात्तापच करणार नाही. मिश्नेत हे दुसरं मत कायदा म्हणून आलंय आणि त्याला नावही आहे, पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी केलेली तरतूद.

दुसऱ्याचा कोड लायसन्स न पाळता उचलून आपल्या प्रॉडक्टच्या पोटात बसवला आणि पाच वर्षांनी त्यावर सतरा मजले उभे राहिले, हा प्रकार आमच्या धंद्यात अजिबात दुर्मीळ नाही. तेव्हा हिल्लेलवाल्यांची बाजू मला चटकन पटते. सगळं पाडून पुन्हा लिहा म्हटलं तर कोणीही मान्य करणार नाही, वकील लावेल, वर्षानुवर्षं नाकारत बसेल. पण शम्मायवाल्यांची जिरवून टाकली असं मला म्हणवत नाही. ज्याची तुळई गेली त्याला कोणी विचारलं? कदाचित त्याच्या आजोबांच्या घराची ती शेवटची उरलेली तुळई असेल. किंमत मिळाली, तुळई गेली ती गेलीच. तरतूद चोराच्या सोयीची आहे, खर्च त्याचा नाही. ती आवश्यक आहे हे मान्य. पण खर्च कुणाच्या खात्यात पडला हे तरी लिहून ठेवावं.

याच दिशेची दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, तीही तालमूदमधलीच. एका माणसाला आयुष्यभराच्या लुटालुटीचा पश्चात्ताप झाला, तो सगळं परत करायला निघाला. त्याची बायको म्हणाली, वेड्या, परत करायला बसलास तर कमरेचा पट्टासुद्धा तुझा उरायचा नाही! त्याने हिशोब केला असणार. पश्चात्ताप रद्द. त्या प्रसंगानंतर रब्बींनी ठरवलं की लुटारू आणि सावकार परत करायला आले तर घेऊ नये, घेणाऱ्यावर विद्वान खूष नसतात. एकीकडे एका पैशासाठी मेदीपर्यंत पायपीट, दुसरीकडे आयुष्यभराची लूट आणून दिली तर राहू दे म्हणा. बाराव्या शतकातले राब्बेनू ताम म्हणाले की ही तरतूद त्या एका पिढीपुरती होती. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण नाहीतर शिकवण अशी निघते की थोडं चोरशील तर देशोधडीला लागशील आणि भरपूर चोरशील तर सुटशील. म्हणजे आत्ता जगात चालतं तेच.

ज्यांनी कुणाचं घेतलं हेच माहीत नाही त्यांचं काय? जकात वसूल करणारे, दुसऱ्यांच्या शेतात गुरं घालणारे गुराखी, थोडं थोडं सगळ्यांचंच खाल्लेलं. त्यांचा पश्चात्ताप कठीण, असं तालमूद स्पष्ट सांगतं. जे ओळखीचे आहेत त्यांना परत करावं, उरलेल्या पैशात सार्वजनिक कामं करावीत. कसली? विहिरी, चर, पाण्याची टाकी. म्हणजे लुबाडल्या गेलेल्यांपैकी कोणीतरी कधीतरी तिथे पाणी पिईल. देवळाला सोन्याचा कळस असं उत्तर त्यांनी दिलं नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता मुख्य तक्रार. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, याबद्दल मिश्नेचा नियम प्रसिद्ध आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या चुका त्या दिवशी धुतल्या जातात, माणूस आणि माणूस यांच्यातल्या नाही, जोवर ज्याचं बिघडवलं त्याची समजूत काढली नाही. आमच्या बेने इस्राएल लोकांत योम किप्पूरचं जुनं मराठी नाव 'दरफाळणीचा सण'. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात त्याचं वर्णन आहे. कोकणातल्या गावांत लोक त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास धरून, दारं लावून घरात बसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. तेव्हा त्यांच्याकडे मिश्ना नव्हती, रब्बी नव्हते, पण दार लावायचा एक दिवस आणि दार उघडून लोकांकडे जायचा एक दिवस, हे जोडीने होतं. (मिश्नेच्या हिशोबाने क्रम उलटा झाला खरा, समजूत आधी काढायला हवी. चालायचंच.)

आजकाल काय होतं? सणाच्या आधी फोनवर मेसेज येतो: वर्षभरात कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. खाली फुलं. मेसेज दोनशे जणांना एकदम गेलेला. आमच्यात येतो, जैन मित्रांकडून पर्युषणाच्या शेवटी येतो, त्यात धर्माचा दोष नाही. जैनांची मूळ प्रथा तर समोरासमोर बोलायची आहे. आणि हाच मजकूर मोठा होऊन पुढाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या निवेदनात येतो. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत. 'असतील तर'! पराशेने राज्यकर्त्याच्या बाबतीत काळजीपूर्वक गाळलेला 'जर' इथे मोठ्या अक्षरात परत येतो.

या मेसेजमध्ये वाईट काही नाही असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, त्यात काहीच नाही. कुणाचं, किती, कधी, यातलं एकही रकान्यात भरलेलं नाही. पराशा ज्याला कबुली म्हणते तिला पत्ता लागतो. ज्याचं घेतलं तो माणूस, घेतलेली वस्तू, वरचा हिस्सा. बाराव्या शतकातले रामबाम पश्चात्तापाचे नियम लिहितात तेव्हा ते सांगतात की पैसे परत केले तरी पुरत नाही, त्याच्याकडे जाऊन समजूत काढावी लागते. ऐकलं नाही तर तीन मित्रांना बरोबर घेऊन जा. नाही ऐकलं, पुन्हा जा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर सोडून दे, आता चूक त्याची. (गुरूचा अपराध केला असेल तर हजार वेळा जा.) तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि त्यांच्यासमोर सांग की मी या माणसाचं अमुक अमुक वाईट केलं. दहा माणसांसमोर नावानिशी सांगायचं आहे! दोनशे जणांना बिननावाचा मेसेज हे याच्या अगदी उलटं टोक.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर बसला की नंतर 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' लिहायची पद्धत आहे, दोष कुणाला न देता काय झालं ते मांडायचं. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. त्यामुळे लोक माहिती लपवत नाहीत. पण ते कागद वाचताना जाणवतं की बहुतेकांमध्ये सगळं असतं, टाइमलाइन असते, मूळ कारण असतं, ज्याचं नुकसान झालं तो ग्राहक मात्र एका टक्केवारीत बसवलेला असतो. 'हेत'ची नोंद झाली, परत देण्याची नाही.

आता जरा घरचा विषय, कारण पराशेतला एक बैल अजून बाकी आहे. सगळा समाज चुकला तर, हा. मिश्नेने त्याचा अर्थ असा लावला की मुख्य न्यायालयाने चुकीचा निर्णय दिला आणि लोकांनी त्यावर विसंबून वागलं. तेव्हा समाजाच्या वडीलधाऱ्यांनी देवासमोर बैलाच्या डोक्यावर हात ठेवायचे. धर्माधिकारी चुकू शकतात हे धर्मग्रंथातच लिहिलंय आणि त्याची प्रक्रियाही लिहिलीय, हे किती ग्रंथांबद्दल म्हणता येईल? त्यातही एक बारकावा आहे. न्यायालय चुकलंय हे ज्या शिकलेल्या शिष्याला कळलं होतं आणि तरी तो निर्णयाप्रमाणे वागला, त्याला न्यायालयाच्या बैलाचं छत्र नाही. त्याने आपली शेळी वेगळी आणायची. मॅनेजरने सांगितलं म्हणून केलं, मला माहीत होतं पण मी बोललो नाही, या वाक्याची किंमत मिश्नेने एक शेळी लावली आहे.

१९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या: बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी होत असेल तर तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, जमेल तितकं मागे जाऊन. मनाई केली नव्हती, हे खरं. घटस्फोटाच्या जुन्या रीतींबद्दल त्यांना धार्मिक शंका होत्या, त्याही त्यांच्या दृष्टीने खोट्या नव्हत्या. पण नियमात एकाच समाजाचं नाव लिहिलं होतं. कोकणातून आलेले, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले लोक, ज्यांनी दुसरं काही आठवत नसताना शब्बात धरून ठेवला होता, त्यांना ज्यूंच्या देशात विचारलं गेलं की तुमची पणजी कोण होती. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांची निदर्शनं झाली. ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे तिथल्या संसदेची, खास बैठक भरली. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने सूचना बदलली, समाजाचं नाव काढलं आणि नियम ज्याच्याबद्दल शंका असेल त्या कुणालाही लागू असा सर्वसाधारण केला.

आमच्यातले बरेच वडीलधारे म्हणतात, झालं ना, मिटलं, कशाला उकरायचं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण पराशेच्या गणिताने नाव काढणं ही मुद्दल झाली. घेतलेली वस्तू परत दिली, तीही तुळईसारखी, कारण मधल्या दोन वर्षांत ज्यांची लग्नं अडली किंवा मोडली त्यांना ते दिवस परत मिळत नाहीत. वरचा पाचवा हिस्सा मानाच्या बाबतीत कोणत्या नाण्यात मोजायचा, यावर कुणा दोन रब्बींनी वाद घातलेला मला वाचायला आवडेल.

क्षमा करणाऱ्याची बाजू राहिली, ती थोडक्यात. हिब्रूत क्षमेलाही एकाहून जास्त शब्द आहेत. त्यांतला 'मेहीला' मला जवळचा वाटतो, कारण कायद्याच्या भाषेत तो येणं सोडून देण्याचा शब्द आहे. मराठीतही कर्जमाफी आणि माफी एकच, नाही का? रात्री झोपताना म्हणायची एक प्रार्थना आहे, तिच्यात माणूस आज ज्यांनी ज्यांनी आपलं वाईट केलं, शरीराचं, मालमत्तेचं, मानाचं, त्या सगळ्यांना माफ करून टाकतो, कोणी मागितली नसताना. मग चोराने मेदीला जायचं कारण उरलं का? माझ्या मते उरलं. काल रात्री मेदीत कुणीतरी उशाला डोकं टेकताना आपलं येणं सोडून दिलं, हे चोराला कुठे माहीत आहे? त्याच्या वहीत अजून तो पैसा उभा आहे. तिथे पोचल्यावर समोरचा हसून राहू दे म्हणाला तर भागलं. पण ते त्याच्या तोंडून ऐकायला जावं लागतं.

एक शेवटचा तुकडा, जो 'वायिक्रा'त नाही. हाच कायदा चौथ्या पुस्तकात पुन्हा येतो आणि तिथे एक कलम जादा आहे: ज्याचं घेतलं तो मेला आणि परत घ्यायला त्याचा कोणीच नातेवाईक नाही, तर? तेव्हा मुद्दल आणि पाचवा हिस्सा याजकाला द्यायचा. तालमूद विचारतं, इस्राएलात असा माणूस असेलच कसा, मागे मागे जात राहिलं तर प्रत्येकाचा कोणीतरी नातेवाईक निघतोच. मग हे कुणाबद्दल लिहिलंय? उत्तर: बाहेरून येऊन ज्यू झालेल्याबद्दल. ज्याच्यामागे कोणी नाही, ज्याच्या वतीने मागायला कोणी येणार नाही, त्याचं खाल्लेलंही पचू द्यायचं नाही म्हणून एक वेगळं कलम.

पुढच्या आठवड्याची पराशा 'त्साव'. तिची सुरुवात वेदीवरची राख रोज सकाळी कोणी काढायची इथून होते. त्याबद्दल पुढच्या शनिवारी, शब्बात संपल्यावर.